पांदणीत जाणारी पिकअप: मागे लॉकर की ट्रॅक्शन कंट्रोल?

प्रकल्प नोंदी, नागपूर

६ मे

सौर कृषी पंपांची देखभाल करणाऱ्या पथकाच्या दोन फोर बाय फोर पिकअप पावसाळ्याआधी तयार करायच्या आहेत. दोन्हींना मागे स्प्रिंग-पाट्यांवर सरळ एक्सल, लिव्हरची लो रेंज (वेग कमी, जोर जास्त), हौद्यात साधारण ६०० किलो वजन: पाइप, केबलचे ड्रम, चेन-पुली, तिवई. फरक एवढाच की जुन्या गाडीला एबीएससुद्धा नाही आणि पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक नसलेले, आहेत. नव्या गाडीला कंपनीतूनच ईएसपी (गाडी घसरू लागली की इंजिन आणि ब्रेक आपणहून आवरणारी यंत्रणा) आणि ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे.

जायचे रस्ते तीन तऱ्हेचे. कळमेश्वर-काटोलकडे काळ्या मातीच्या पांदणी, हिंगण्यापलीकडे मुरमाड चढ आणि बेसाल्टचे गोटे भरलेले नाले, कन्हानच्या काठाला वाळू. तिन्हींवर एकच इलाज चालेल असे धरून सुरुवात करायची नाही.

८ मे

पथकातल्या चालकांना फरक समजावताना ट्रॅक्टर सोयीचा पडला. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक-पेडल वेगळे असतात. एक चाक चिखलात गरगरायला लागले की जाणता माणूस त्याच बाजूचा ब्रेक दाबतो आणि ओढ दुसऱ्या चाकाकडे जाते. ट्रॅक्शन कंट्रोल तेच करतो, फक्त पायाऐवजी एबीएसच्या मॉड्यूलने आणि सेकंदाला अनेक वेळा. ट्रॅक्टरला टाचेखाली दुसरा एक पेडलही असतो, डिफ-लॉकचा. तो दाबला की दोन्ही चाके एकाच दांड्याला वेल्ड केल्यासारखी फिरतात. आपल्या निवडीतला लॉकर म्हणजे तो पेडल.

याच जोडीला एक गैरसमज खोडून ठेवतो: “हँडब्रेक दोन-तीन दात ओढला की ओपन डिफ गाडीही निघते.” निघत नाही. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. घसरणाऱ्या चाकावर जेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, तेवढाच पकड असलेल्या चाकाचा ब्रेक खाऊन टाकतो. जमिनीला मिळणारे जैसे थे. ही युक्ती हेलिकल गिअरच्या डिफरन्शियलमध्ये चालते, कारण ते एका बाजूच्या टॉर्कची पट करून दुसऱ्या बाजूला देते. तिथून ती ऐकीव झाली आणि सगळ्याच गाड्यांना चिकटली.

११ मे

आकडे मांडल्याशिवाय निवड होणार नाही. समजा डावे मागचे चाक ओल्या मातीवर आहे आणि २०० न्यूटन-मीटरला घसरते. उजवे मुरमावर आहे आणि १,००० पेलते.

ओपन डिफ: दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच टॉर्क. डावे २०० ला सुटते, म्हणून उजव्यालाही २००. जमिनीला एकूण ४००, गाडी जागेवर.

ट्रॅक्शन कंट्रोल: डाव्या चाकाला ८०० चा ब्रेक लागला की डाव्या बाजूचा भार १,००० होतो, उजवीकडेही १,०००. जमिनीला १,२००. पण एक्सलला इंजिनाकडून २,००० द्यावे लागतात. ८०० ब्रेकच्या गरमीत जातात.

लॉकर: जमिनीला तेच १,२००, आणि एक्सलला द्यायचेही १,२००च.

म्हणजे शेवटी पकड सारखीच मिळते, किंमत वेगळी. लो रेंजमध्ये ही किंमत इंजिनाला जाणवत नाही. पहिला गिअर ४, लो रेंज २.४८, क्राउन-पिनियन (एक्सलमधली शेवटची गिअर-जोडी) ४.१ धरले तर गुणाकार ४०.७ होतो, इंजिनचे २५० न्यूटन-मीटर चाकांपाशी दहा हजारांच्या घरात जातात. हाय रेंजला तोच आकडा ४,१००. इंजिन खालच्या फेऱ्यांवर पूर्ण २५० देत नाही, क्लच अर्धा, हौदा भरलेला. तेव्हा हाय रेंजमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर भिस्त ठेवणारा चालक इंजिन बंद पाडतो आणि दोष मॉड्यूलला देतो.

१४ मे

रुळांची चाचणी. अँगलच्या चौकटीत दोन इंची जीआय पाइपचे तीन रूळ, प्रत्येकी ४०० मिमी लांब, टोकांना बेअरिंग. चौकट जमिनीत खुंट्या मारून पक्की केली. नाहीतर चाक तिला मागे भिरकावते. पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही. टू-व्हीलमध्ये, फक्त मागचे डावे चाक रुळांवर.

जुनी: चाक फिरत राहिले, गाडी इंचभरही हलली नाही. अपेक्षितच.

नवी: चाक अर्धा-पाऊण फेरा घसरले, ब्रेकमधून कर्र-कर्र आवाज आला, गाडी रुळांवरून उतरली. मग उजव्या चाकापुढे १०० मिमीचा लाकडी ठोकळा ठेवला. हळू अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी थरथरून थांबली. १,८००–२,००० आरपीएमवर पाय स्थिर ठेवला तेव्हा चढली. चालकाचा हात, खरे तर पाय, इथे चुकतो. चाक घसरले की आपण सवयीने पाय उचलतो आणि पाय उचलला की ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक सोडतो. पाय स्थिर ठेवून दोन सेकंद वाट पाहायची, हे शिकवावे लागेल.

१७ मे

जुन्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल बसवता येईल का, हा प्रश्न आला. उत्तर: नाही. चारही हबवर टोन रिंग (चाकाचा वेग मोजायची दातेरी कडी) आणि सेन्सर, हायड्रॉलिक मॉड्यूल, ब्रेक पाइपची नवी मांडणी आणि त्या गाडीच्या वजन-टायरसाठी केलेले कॅलिब्रेशन, यांपैकी शेवटचे बाजारात मिळत नाही. दुसऱ्या गाडीचे मॉड्यूल उचलून बसवणे म्हणजे ब्रेकशी खेळ. जुन्या गाडीला लॉकर किंवा काहीच नाही.

कंपन्यांनीही एकच वाट धरलेली नाही. फोर्स गुरखाला पुढे-मागे हाताने लावायचे लॉक. २०२० च्या थारमध्ये मागे इटनचा आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर. टोयोटा हायलक्सला मागे बटणाचा इलेक्ट्रिक लॉक आणि सोबत ट्रॅक्शन कंट्रोल. जिमनीला लॉकर नाहीच, सगळे ब्रेकवर. वजन, वेग आणि गिऱ्हाईक पाहून ठरवलेल्या या वाटा आहेत.

१९ मे

लॉकरचा प्रकार.

क्लचवाले लिमिटेड स्लिप बाद: एक चाक हवेत लटकले की त्याची मदत क्लचच्या दाबापुरतीच, आणि प्लेट झिजल्या की तीही संपते. हेलिकलही बाद. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

आपोआप लागणारा मेकॅनिकल, म्हणजे आत फिरत्या वजनांचा गव्हर्नर असलेला, मोहात पाडतो. ना वायर, ना हवा. पण दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडल्यावरच तो लागतो, म्हणजे आधी चाक सणसणीत घसरू द्यावे लागते. ६०० किलो वजन घेऊन गोट्यांत हे करायचे आणि धाडकन लॉक पडल्यावर तो झटका एक्सल शाफ्टने झेलायचा. आपल्या कामाला नको. स्टार गिअरच्या (डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरच्या) जागी बसणारा रॅचेटवाला स्वस्त, क्राउन न काढता बसतो. पण वळणावर कट-कट वाजतो आणि ओल्या डांबरावर अ‍ॅक्सिलरेटर सोडता-धरता मागची बाजू हलवतो. वर्धा रोडला रोज ६० किमी धावणाऱ्या गाडीला नको.

उरले दोन, दोन्ही बटणाचे: चुंबकाने लागणारा इलेक्ट्रिक आणि कॉम्प्रेसरच्या दाबाने लागणारा हवेचा. इलेक्ट्रिकला कॉम्प्रेसर लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र कॉइलच्या चुंबकाला लोखंडाची बारीक भुकटी चिकटते आणि हाउसिंगमधून (एक्सलच्या कवचातून) बाहेर येणाऱ्या वायरच्या जोडात पाणी शिरते. हवेच्या लॉकरला जास्त सुटे भाग, जास्त गळतीच्या जागा. तरी हवेचा घेतला, आणि कारण लॉकरशी संबंधित नाही. त्याच कॉम्प्रेसरने टायरची हवा भरता येते. वाळूत आणि गोट्यांत टायर ३५ वरून २० पीएसआयवर आणल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच डिफरन्शियलने पडत नाही; पण परत भरायची सोय नसेल तर कोणीही हवा सोडत नाही.

मागवण्याआधी हाउसिंगचे झाकण उघडून तीन गोष्टी पाहिल्या: शाफ्टचे स्प्लाइन (टोकाच्या खाचा), क्राउनचा व्यास आणि बोल्टची संख्या, रेशो. या तिन्हींपैकी एक चुकले तर सामान परत.

२३ ते २५ मे

लॉकर बसवला. दोन माणसे, अडीच दिवस. क्रमाने:

तेल काढले. ड्रम उतरवून बॅकिंग प्लेटचे चार-चार नट सोडले, दोन्ही शाफ्ट स्लाइड हॅमरने १५० मिमी बाहेर ओढले. पूर्ण काढायची गरज नाही. मागच्या झाकणाचे दहा बोल्ट.

क्राउन हलवण्याआधी डायल गेज लावून मूळ बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) घेतला: चार जागी ०.१५ ते ०.१७ मिमी. हे आधी न मोजता उघडले की पुढे सगळा अंदाजाचा खेळ होतो. बेअरिंग कॅपवर सेंटर पंचने खुणा: डावीला एक ठिपका, उजवीला दोन. कॅपची अदलाबदल झाली तर बेअरिंगचे घर गोल राहत नाही.

जुना कॅरिअर (डिफरन्शियलचा पिंजरा) काढला, क्राउन नव्या लॉकरवर चढवला. बोल्ट नवे, थ्रेड लॉकर (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून, समोरासमोरच्या जोडीने, तीन टप्प्यांत पुस्तिकेतल्या टॉर्कपर्यंत. नवी साइड बेअरिंग प्रेसने; हातोडीने नाही.

पहिल्या जोडणीत बॅकलॅश ०.२५ आला. क्राउन पिनियनपासून लांब गेला होता. दातांच्या बाजूची ०.१० मिमीची शिम (पातळ चकती) काढून क्राउनच्या पाठीकडे घातली. एकूण जाडी तीच, त्यामुळे बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा दाब) तोच. बॅकलॅश ०.१८. क्राउन जितका सरकतो त्याच्या साधारण ०.७ पट बॅकलॅश बदलतो, हे ध्यानात ठेवले तर शिमचे प्रयोग दोनात आटपतात. ज्या गाड्यांत कॅरिअर पुढून निघतो, तिथे शिमऐवजी दोन्ही बाजूंना आट्यांचे अ‍ॅडजस्टर असतात आणि काम निम्म्या वेळात होते.

दातांवर मार्किंग कंपाउंड लावून, पिनियनला हाताने अडवून क्राउन दोन्हीकडे फिरवला. ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे. चालेल. पिनियनला हात लावला नाही, म्हणून त्याची खोली बदलण्याचा प्रश्न नव्हता.

हवेच्या जोडासाठी हाउसिंगवर, तेलाच्या पातळीच्या वर, ७/१६ इंचाचे भोक पाडून १/४ एनपीटीचे आटे पाडले. ड्रिल आणि टॅप ग्रीसने माखून. तरीही चुंबक आणि कापडाने आतला चुरा तीनदा पुसला. एक राहिलेली कपची हवेच्या सीलची ओ-रिंग कापते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

शाफ्टचे ऑइल सील नवे. तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भरणीच्या भोकाच्या काठापर्यंत, सव्वादोन लिटर गेले. लिमिटेड स्लिपचे मिश्रण घालायचे नाही. ब्रीदरची (एक्सलच्या हवा-छिद्राची) नळी लांब करून इंजिनाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेली, कारण गरम एक्सल नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर आखूड असेल तर पाणी ओढून घेते.

२६ मे

वायरिंग. कॉम्प्रेसरला बॅटरीपासून थेट ६ चौरस मिमीची वायर, ४० अँपिअरचा फ्यूज, रिले. लॉकरच्या सोलेनॉइडचा (हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा) पुरवठा ट्रान्सफर केसच्या (लो-हाय रेंजच्या गिअर-पेटीच्या) लो रेंज स्विचमधून घेतला. त्यामुळे हाय रेंजमध्ये बटण दाबले तरी लॉक लागत नाही. डॅशवर लाल दिवा आणि बारीक बझर. बझर कटकट वाटतो. तो तसाच राहील.

२८ मे

क्राउन-पिनियन जुनेच, पण बेअरिंग नवी. रिकामी गाडी बुटीबोरीपर्यंत नेली, हाउसिंगला हात लावून पाहिला, थंड होऊ दिले, परत आणली. पहिले ५०० किमी वजन आणि वेग कमी. १,००० वर तेल बदल.

२ जून

हिंगण्यापलीकडचा कोरडा नाला. ३०० मिमीपर्यंतचे गोटे, कर्णातली दोन चाके (पुढचे एका बाजूचे, मागचे दुसऱ्या) लटकतील अशी जागा. दोन्ही गाड्या ६०० किलोवर, टायर २२ पीएसआय, लो रेंज, पहिला गिअर.

जुनी, लॉक लावून: अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, ८०० आरपीएमवर चढली. त्या फेऱ्यांवर वेग गणिताने ताशी २.७ किमी येतो, म्हणजे माणसाच्या संथ चालीएवढा. पुढचे लटकलेले चाक मोकळे फिरत होते, मागची जोडी ढकलत होती.

नवी: चढली. पण प्रत्येक लटकत्या जागी चाक अर्धा फेरा घसरून मग पुढची उडी. एका ठिकाणी घसरणारे चाक गोट्यावर आपटले आणि साइडवॉलवर बोटभर चरा पडला. ट्रॅक्शन कंट्रोलला घसरण दिसल्याशिवाय तो जागा होत नाही. लॉकरला घसरण व्हायच्या आधीच लावता येते. गोट्यांत निकाल इथेच लागतो.

४ जून

नव्या गाडीच्या ब्रेकची गरमी. ११ मेच्या हिशोबातला ८०० न्यूटन-मीटरचा ब्रेक ६० आरपीएमने फिरणाऱ्या चाकावर म्हणजे ५ किलोवॉट. दोन मिनिटांत ६०० किलोज्यूल. ८ किलोच्या बिडाच्या डिस्कला हे साधारण १६० अंशांनी तापवते. मुरमाड चढावर इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढची डावी डिस्क: आधी ७१, वर पोहोचल्यावर १८४. ब्रेक सलग नाही, तुटक लागतो, म्हणून गणितापेक्षा कमी. लागोपाठ तिसऱ्या चढावर पिवळा दिवा स्थिर झाला आणि ट्रॅक्शन कंट्रोलने अर्ध्यात हात वर केले. मॉड्यूल ब्रेकच्या तापमानाचा अंदाज धरून स्वतःला बंद करते. बारा मिनिटे उभी ठेवल्यावर पूर्ववत. बाहेर ४३ अंश होते, तेही धरावे लागेल.

दोन चढांनंतर विश्रांती. ब्रेक फ्लुइड दर वर्षी बदलायचे. ओलावा शोषलेले फ्लुइड अशा कामात आधी उकळते.

२१ जून

पाऊस लागला. कळमेश्वरकडची पांदण, दोन दिवसांच्या झडीनंतर. इथे दोन्ही गाड्या फसल्या.

काळ्या मातीतली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टाकते. मग टायर म्हणजे गुळगुळीत पिंप. एकाही चाकाला पकड नाही, तेव्हा वाटायला काहीच नसते; लॉकर कोणाकडून काढून कोणाला देणार? लॉक लावलेल्या जुन्या गाडीची दोन्ही चाके मिळून दुप्पट वेगाने खड्डा खणत गेली आणि हाउसिंग मातीला टेकले. टेकले की संपले, फावडे काढा.

नव्या गाडीचे दुखणे उलटे. या मातीत खाचा मोकळ्या ठेवायला चाक थोडे वेगाने फिरून चिखल झाडला पाहिजे, आणि ईएसपी नेमकी तेव्हाच इंजिनची ताकद कापते. ऑफचे बटण पाच सेकंद दाबून धरले, तेव्हा इंजिन मोकळे झाले. ब्रेकचे काम सुरूच राहिले. दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, गाडी चाळीस मीटर पुढे गेली. पूर्ण ऑफ नव्हे, अर्धे ऑफ हीच या मातीतली कामाची स्थिती.

दोन्हींना मड-टेरेन टायर मंजूर करून घेतले. आधी हेच करायला हवे होते.

२९ जून

लॉकरचा उपद्रव. मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे उतार असलेल्या पांदणीत जुनी गाडी लॉक लावून चालवली, तर मागची बाजू धुऱ्याकडे सरकत गेली. ओपन डिफमध्ये एक चाक घसरते, पण दुसरे जमिनीला धरून असते आणि आडवे सरकू देत नाही. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात, मग शेपूट उताराला. आडव्या उतारावर लॉक काढायचा. स्टिअरिंगही जड होते, गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून वळणाच्या आधी लॉक काढायचा, वळणात नव्हे. बटण बंद करूनही दिवा जात नसेल तर शाफ्टमध्ये पीळ राहिला आहे; सरळ रेषेत मीटरभर मागे घ्या, सुटतो.

९ जुलै

बिघाड दोन.

जुनी: कॉम्प्रेसर दर तीन-चार मिनिटांनी आपणहून सुरू. साबणाचे पाणी लावून पाहिले. नायलॉनची नळी सायलेन्सरपासून जेमतेम बोटभर अंतरावर लोंबत होती आणि मऊ पडून जोडापाशी गळत होती. तुकडा कापून नवा, उष्णतारोधक कवच, चॅसिसला दर २०० मिमीवर क्लिप. सोलेनॉइडच्या हवा सोडण्याच्या तोंडाशी तेल नव्हते, म्हणजे आतली सील ठीक. तिथे तेल दिसले असते तर पुन्हा हाउसिंग उघडावे लागले असते.

नवी: एबीएस आणि ट्रॅक्शन, दोन्ही दिवे. मागच्या उजव्या सेन्सरच्या फटीत वाळलेली काळी माती, विटेसारखी. ओल्या कापडाने आणि लाकडी काडीने काढली, वायर पाट्याला घासत होती ती बांधली. एका सेन्सरची माती सगळा ट्रॅक्शन कंट्रोल बंद पाडते. लॉकरला असे दुखणे नाही. पांदणीतून आली की चारही सेन्सर पाण्याने धुवायचे. प्रेशर पंपाची धार मात्र थेट मारायची नाही.

१४ जुलै

निर्णय नोंदवला. जुन्या गाडीत मागचा लॉकर राहील, पुढे बसवणार नाही: पुढचा लॉक लावून वळताना बाहेरच्या जॉइंटवर येणारा ताण आपल्या कामाला परवडत नाही. गोट्यांचे आणि मुरमाड चढांचे फेरे तिच्याकडे. नव्या गाडीत आत्ता लॉकर घालणार नाही. लॉक लागल्यावर दोन मागच्या सेन्सरना एकच वेग दिसतो आणि ईएसपी त्याचा चुकीचा अर्थ लावू शकते. कंपनीच्या लॉकवाल्या गाड्यांत ते मॉड्यूलला कळवायची सोय असते, बाहेरून बसवलेल्यात नसते. डांबर, वाळू आणि ओल्या पांदणी तिच्याकडे.

सन व्हायझरमागे लावायचा कागद छापला. जुनीसाठी: लो रेंज, गाडी थांबलेली, मग लॉक; एक चाक जोरात फिरत असताना बटण दाबायचे नाही. नवीसाठी: पाय १,८०० वर स्थिर, चिखलात ऑफ बटण पाच सेकंद, डांबरावर आल्यावर पुन्हा चालू.

बाकी काम: जुनीचे १,००० किमीचे तेल, काढलेल्या तेलात चुंबक फिरवून चुरा पाहणे. बारीक करडी पेस्ट चालेल. टोकदार कपची दिसली तर झाकण उघडायचे.